पहिला भाग की दुसरा

मुखवटा घालणाऱ्या एका इंग्रजी हिरोच्या तीन सिनेमांवरून आमच्या घरात रोज वाद व्हायचा. भाड्याच्या कॅसेटवर तिन्ही पाहून झाले होते. मी पहिल्या भागाला पहिला नंबर द्यायचे, चुलतभाऊ दुसऱ्याला. वडील ब्रह्मा घाटावरच्या पाठशाळेत न्यायशास्त्र, म्हणजे तर्काने वाद कसा करायचा ते, शिकवायचे. एकदा वैतागून त्यांनी तिथलाच नियम आम्हाला लावला. आधी समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडायची, मग आपली. मी रागारागातच दुसऱ्या भागाची वकिली केली, अगदी खलनायकाच्या दुःखासकट, आणि ती मलाच पटली. भावाला पहिला पटला. वडील खूश झाले. दुसऱ्या दिवशी आम्ही तितक्याच जोरात भांडत होतो, फक्त बाजू बदलून. वडिलांनी उठून मधलं दार लावून घेतलं.