फक्त एक माणूस हवा

तुम्ही चहा घ्या, मी बोलतो. आता हे कुठून सुरू करावं तेच कळत नाही. छत्तीस वर्षं कचेरीत बसून मी लोकांच्या अर्जांतल्या चुकांवर लाल खुणा केल्या. निवृत्तीनंतर स्वतः अशी एक चूक केली, की तिला पुरेल एवढी लाल शाई अख्ख्या रत्नागिरीच्या बाजारात मिळायची नाही.

मुलगी पुण्याला असते. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "अण्णा, तुम्ही एवढं वाचता आणि सगळं आईला ऐकवत बसता. त्यापेक्षा पॉडकास्ट काढा." सुचवण्यामागे आईची सुटका हा हेतू होता, हे मला फार उशिरा कळलं. जाताना ती एक छोटा माइक देऊन गेली.

पॉडकास्ट म्हणजे काय? आपण मोबाइलवर बोलायचं आणि जगात ज्याला वेळ असेल त्याने ते ऐकायचं. रेडिओसारखंच. फक्त गाणी नाहीत, बातम्या नाहीत, आणि पुष्कळदा ऐकणारेही नाहीत.

विषय मी मोठेच घेतले. इतकी वर्षं लोकांचे रजेचे अर्ज फिरवल्यावर स्वातंत्र्य या विषयावर बोलायचा मला हक्क आहे, असं मला वाटत होतं. पहिला भाग, 'माणूस मोकळा कधी होतो?' दुसरा, 'संस्कृती कोणाच्या मालकीची?' तिसरा, 'नवं सुचतं तेव्हा नेमकं काय होतं?' आवाजही खास लावला. खर्जातला, संथ. प्रत्येक प्रश्नानंतर श्रोत्याला विचार करता यावा म्हणून चार-पाच सेकंद गप्प राहायचं. आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य: "मला गर्दी नको. मला फक्त एक माणूस हवा. शेवटपर्यंत."

हे वाक्य लक्षात असू द्या.

खोटं कशाला बोलू, मागणं अगदी मनापासूनचं होतं. भाग कितीजणांनी ऐकला ते मोबाइलवर दिसतं. पहिला चौघांनी ऐकला होता. एक मुलगी, एक जावई, एक मी स्वतः, आणि एक अनोळखी गृहस्थ, तेही चाळीस सेकंद. शेवटपर्यंत पोचलेला एकटा मीच. मुलगीसुद्धा मध्येच उतरली होती.

आता अडचण होती ती जागेची. घरी शांतता नाही. मिक्सर, टीव्ही, मासे घेऊन येणारीची हाक. वर हिचं "कोणाशी बोलताय?" हे सतत. तेव्हा मला विसूचं घर आठवलं.

विसू माझा चुलतभाऊ, डोंबिवलीला असतो. त्याचं चिऱ्याचं घर आमच्या वाडीच्या टोकाला आहे. गणपतीत आणि मे महिन्यात उघडतं, एरवी बंद. वाळवी लागली का, कौलं सरकली का, ते बघायला किल्ली माझ्याकडे. त्या घरात माजघराला लागून बाळंतिणीची खोली आहे. खिडकी नाही. हातभर उंचीचा एक झरोका, तोही मागच्या पाखाडीकडे, म्हणजे डोंगर उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या वाटेकडे. भर दुपारी आत काळोख. विसूने सगळ्या गाद्या तिथे वळकट्या करून, पांढऱ्या चादरींत बांधून भिंतीला टेकवून ठेवलेल्या. अंधाराला डोळे सरावले की नऊ माणसं पांढरी पासोडी घेऊन बसलीत असं वाटतं. पण आवाज काय सुरेख यायचा. गाद्यांमुळे जरासुद्धा घुमत नाही.

मी दुपारी जेवून तिथे जायचो. पुढचं कुलूप तसंच ठेवून मागच्या दाराने. वाडीतला कुत्रा चपला पळवतो म्हणून चपलाही आत घ्यायचो. कानातलं ऐकायचं मशीन माइकजवळ शिट्टी मारतं, म्हणून ते काढून डबीत. घरी सांगायचो, वाचनालयात जातो. वाचनालय दुपारी बंद असतं हे हिला ठाऊक नव्हतं. किंवा ठाऊक असेलही, पण दुपारी मी घरात नाही, यातच तिचं स्वातंत्र्य होतं.

पाचव्या भागाच्या वेळी पहिला प्रकार घडला.

घरी येऊन हेडफोन लावून मी रेकॉर्डिंग तपासत होतो. माझा आवाज विचारत होता, "स्वतःला विचारा. तुम्ही खरोखर मोकळे आहात का?" मग माझी ती पाच सेकंदांची शांतता. आणि त्या शांततेत कोणीतरी म्हणालं,

"नाही."

बाईचा आवाज. अगदी हलका. त्यामागे एक सुस्कारा.

मी सात वेळा ऐकलं. सातही वेळा ती "नाही" म्हणाली. त्या खोलीत मी आणि नऊ गाद्या, यांखेरीज कोणी नव्हतं. या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या बायका बाळंत झाल्या, काही तिथून उठल्याच नाहीत, हे आजवर मी कधी मनात आणलं नव्हतं. त्या दिवशी ते आपसूक आलं.

पण मी वाचलेला माणूस. भूतबीत मानत नाही. नोकरीत असताना साहेब होते, त्यामुळे भुतांची वेगळी गरज पडली नाही. मी मनाला सांगितलं, लहरी असतात, कुठलं तरी रेडिओ स्टेशन पकडलं गेलं असेल. मग आरशात पाहिलं. आरशातल्या माणसाला ते पटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी हट्टाने गेलो. मागच्या दाराच्या कोपऱ्यावर केळीच्या पानात दहीभात. त्यावर हळदकुंकू. शेजारी नारळ. वर आंब्यावर तीन कावळे बसलेले, पण एकही खाली उतरत नव्हता. त्या बंद घरात कोणाचं काय होतं म्हणून हे ठेवायचं? माझ्याशिवाय तिथे येतो कोण? म्हणजे हे माझ्यासाठीच. कोणीतरी माझ्यावर काहीतरी करतंय.

तरी मी आत गेलो. मशीन काढलं, बोललो. आणि या वेळी घरी जायला न थांबता तिथेच, त्या काळोखात, हेडफोन लावून ऐकायला बसलो.

भाग नीट चालला होता. अगदी शेवटी, माझ्या समारोपाच्या आधीच्या शांततेत, तोच आवाज आला. जवळून.

"काय हवंय तुला?"

आणि लगेच, संथ, खर्जात, माझ्याच आवाजात उत्तर आलं: "मला गर्दी नको. मला फक्त एक माणूस हवा. शेवटपर्यंत."

मग एक दबलेली किंकाळी. मग पावलं. खूप पावलं, धावणारी.

तिने विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं, आणि मला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. मी मान वळवली. नऊ पांढऱ्या आकृत्या भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होत्या. त्यातली एक, कशी कोण जाणे, हळूच कलली.

मी मोबाइल उचलला आणि घरापर्यंत धावत आलो. वय वर्षं सदुसष्ट. माइक तिथेच, कानातलं मशीन तिथेच, एक चप्पलही तिथेच.

संध्याकाळी हिने दिवा लावला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हिचा आवाज मला मशीनशिवायही ऐकू येतो.

"त्या पाखाडीने जाऊ नका हो. विसूभावोजींच्या घरात काहीतरी आहे."

"कोण म्हणतं?"

"शेवंती." शेवंती म्हणजे पलीकडच्या घरातली. नवरा मुंबईला, इथे दोन म्हशी आणि सासू ती सांभाळते. "गवताचा भारा घेऊन ती रोज दुपारी तिकडून येते. आज सात-आठजणींनी ऐकलं. ते माणूस मागतंय."

मी हातातला कप खाली ठेवला. वाडीला काय ठाऊक, पण मला ठाऊक होतं. त्या घरात जाणारं माणूस एकच होतं.

"रविवारी बाराला गाऱ्हाणं घालणार आहेत तिथे," ही म्हणाली. "गुरवांनी सांगितलंय, घरटी एक नारळ. आणि तुम्ही पुढे उभं राहायचंय. वाडीत शिकलेले तुम्हीच."

आता पेच बघा. गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून देवाला साकडं, की घर उघडणार. किल्ली माझ्याकडे. आत माझा माइक, माझं मशीन, माझी चप्पल. ते सगळं आधी काढायला हवं, आणि काढायला मलाच जायला हवं. तेही त्या खोलीत.

रविवारी पावणेबाराला, "कुलपाला तेल घालून येतो," असं सांगून निघालो. कोकणात बाराचा कार्यक्रम एकच्या आत सुरू होत नाही, हा माझा हिशेब. पण भीती माणसाला वेळेवर आणते, हे मी धरलं नव्हतं.

आत शिरलो. टॉर्च लावला. कललेली गादी आता पुरती खाली पडली होती, बरोबर मी बसायचो त्या जागेवर. तिच्याखाली चाचपून डबी काढली आणि मशीन कानात घातलं.

आणि त्या खोलीत पहिल्यांदाच मला ऐकू आलं.

श्वास. एक नाही, पुष्कळ. झरोक्याच्या पलीकडून कोणीतरी कुजबुजलं, "आहे काय आत?"

"आहे. उजेड हलला बघ."

मग घंटा वाजली आणि चारी बाजूंनी एकदम आवाज उठला, "होय म्हाराजा!" मी त्या पडलेल्या गादीमागे दडलो. पण पाठोपाठ जो आवाज आला तो आमच्या तुकाराम गुरवांचा होता. "बा म्हाराजा, ह्या घरात जो कोण असेल, त्याने माणूस मागितलान. माणसाच्या बदल्यात नारळ घेऊन, कोंबडा घेऊन तो शांत होवो."

"होय म्हाराजा!"

आणि मग, माझ्या हिचा आवाज: "गुरव, जरा थांबा. आमचे हे अजून आले कसे नाहीत?"

तेव्हा डोक्यात लख्ख झालं. माझ्या टेबलावर वर्षानुवर्षं आवक आणि जावक अशी दोन बुकं असायची. मी जन्मभर त्यात घोळ केला नाही. आणि इथे, जे माझ्याकडून जात होतं ते मला आलेलं वाटलं. वाडीचं भूत मीच होतो, आणि दहीभातही त्यालाच होता.

मी झरोक्याशी तोंड नेऊन म्हणालो, "अहो, मी आहे. अण्णा." पण सवय वाईट. आवाज आला तो खर्जातलाच.

बाहेरची पावलं मागे सरली. मग शेवंती किंचाळली, "अण्णांना धरलान गो वयनी!"

"धरलं नाही, मीच बोलतोय!"

"त्यांच्याच तोंडाने बोलतोय," गुरव हळहळले. "सज्जन माणूस होता."

होता! मी आणखी काही म्हणायच्या आत हिचा आवाज आला, झरोक्याच्या अगदी जवळून. ठाम होता. "तू जो कोण असशील तो. तू माझे हेच असशील, तर सांग, काल दुपारी मी कसली भाजी केली होती?"

मी खूप आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं.

"लक्षात नाही," मी म्हणालो.

"हेच ते," ही म्हणाली. "सोडा हो काळजी. दुसरं कोणी नाही."

मागच्या दाराने बाहेर आलो तेव्हा डोक्यावर कोळिष्टकं, एका पायात चप्पल, हातात माइक. वीसेक माणसं बघत होती. मी सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे रोज दुपारी तुम्ही बोलायचात?" गुरवांनी विचारलं.

"हो."

"कोणाशी?"

"तसं कोणाशी नाही. जगाशी."

गुरवांनी थोडा विचार केला आणि नारळ फोडून टाकला. म्हणाले, "तरी असू दे. फोडलेला बरा."

पण खरी गोष्ट पुढेच आहे. परत येताना शेवंती म्हणाली, "अण्णा, आम्ही चार-पाच दिवस झरोक्याखाली बसत होतो. सात-आठजणी. म्हशी तशाच खोळंबायच्या."

"पूर्ण ऐकायचात?"

"उठायची छाती कोणाची? पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. कोणी खोकलंसुद्धा नाही."

मी पाखाडीवरच थांबलो. शेवटपर्यंत ऐकणारं एक माणूस मागत होतो, आणि भिंतीपलीकडे सातजणी श्वास रोखून बसल्या होत्या.

"आणि ते 'नाही' म्हणालात, ते तुम्हीच?"

ती जरा लाजली. "हो. मोकळी आहेस का विचारलंत ना. माणसाने विचारलं असतं तर 'हो' म्हटलं असतं. भूत विचारतंय म्हटल्यावर खोटं कसं बोलायचं?"

छत्तीस वर्षांत माझ्या कुठल्याही टिपणीवर एवढा मोलाचा शेरा आला नव्हता. मी म्हणालो, "मग उद्या याच. आता लपून नको, खुर्च्या मांडून ठेवतो."

शेवंतीने पदर खोचला. "आता कशाला, अण्णा? आता तर काय, तुम्हीच आहात."

तरी दुसऱ्या दिवशी झरोक्याखाली मी चार खुर्च्या मांडल्या. आत जाऊन बोललो. स्वातंत्र्यावरच बोललो. प्रश्न विचारले, प्रत्येक प्रश्नानंतर पाच सेकंद थांबलो. समारोप केला, एक माणूस मागितलं. घरी येऊन हेडफोन लावला आणि त्या सगळ्या रिकाम्या जागा कान देऊन ऐकल्या. एक-दोनदा नाही, सातदा ऐकल्या.

कुजबुज नाही. सुस्कारा नाही. श्वास नाही. कोणी, म्हणजे कोणीच नाही.

खरं सांगतो, त्या घरात इतका मी कधीच घाबरलो नव्हतो.