रुपया पडला, मग पैसा कुठं गेला?

होटगीच्या पलीकडच्या वस्तीवर धुळाप्पाइतका संशयी माणूस दुसरा नव्हता. डेअरीत दूध घालायला गेला तर आधी रिकामा काटा बघायचा. मेंढरं विकायला बाजारात गेला आणि गिऱ्हाइकानं पहिल्याच बोलीला मान डोलावली, तर सौदा मोडून मेंढरं परत हाकत आणायचा. एवढ्या लवकर हो म्हणतोय म्हणजे भाव मलाच कळला नाही, असं त्याचं गणित. त्याच्या बायकोनं, केराबाईनं, चाळीस वर्षं हे सोसलं होतं. ती म्हणायची, "आमचं हे सावलीतबी बसत न्हाईत. आदी कुणाची सावली हाय ते इचारत्यात, मग बसत्यात."

त्याचा एकुलता मुलगा बिरुदेव साखर कारखान्यात पॅनवर होता. पॅनवर म्हणजे उसाचा रस आटवून आटवून त्यात साखरेचा दाणा धरायचा. हे काम वाचून येत नाही, नजरेनं आणि बोटांनी येतं. आपल्या जिल्ह्यात कारखाने उदंड, त्यामुळे असे कसबी लोकही उदंड, आणि त्यांना आफ्रिकेतल्या कारखान्यांकडून बोलावणी येतात. तीन वर्षांपूर्वी बिरुदेव नायजेरियाला गेला. पहिल्या वर्षी एवढे पैसे आले की वस्तीवरचं पत्र्याचं घर जाऊन स्लॅबचं झालं. धुळाप्पा त्या स्लॅबवरही रोज काठी आपटून बघायचा, हा भाग वेगळा. पण पुढं पैसे आटत गेले, आणि गेलं वर्षभर तर पहिल्याच्या निम्मेसुद्धा येत नव्हते.

आता एवढ्यावर तो गप्प बसला असता कदाचित. पण बापूसाहेबानं काडी लावली. बापूसाहेब रेल्वेतून निवृत्त झालेला, मुलगा मस्कतला. एके सकाळी पारावर पेपर गुडघ्यावर आपटत तो म्हणाला, "धुळाप्पा, रुपया पडला बग! आपली चैन हाय आता. पोरगं तेवढंच धाडतंय, पर हितं जास्तीचं मिळतंय की. तुजंबी वाडलं आसंल."

धुळाप्पानं नुसतं "व्हय" म्हटलं आणि घराकडं वळला. डोक्यात भुंगा सुरू झाला. रुपया पडला की परदेशातल्या पोराचे पैसे वाढतात. बापूसाहेबाचे वाढले. मग आपलेच कमी कसे? कुठंतरी पाणी मुरतंय.

पहिला संशय बँकेवर. तिथला कारकून कंटाळून म्हणाला, "आजोबा, जेवढे येतात तेवढेच जमा होतात, मी काय खातोय का त्यातले?" कारकून स्वतःहून खाण्याचं बोलला म्हणजे खात नसावा, असं ठरवून धुळाप्पानं त्याला सोडला. मग त्यानं फोनवर थेट बिरुदेवलाच गाठलं.

"अप्पा, हितला पैसाबी पडलाय," बिरुदेव म्हणाला. "रुपयापरीस लई जास्त. पगार हितल्याच पैशात मिळतोय. आन डाळ, त्याल, चापत्ती समदं भायेरनं येतंय, त्येचा भाव तिप्पट झालाय."

"तुजाबी पडला, आमचाबी पडला," धुळाप्पा म्हणाला. "समद्यांचाच पडलाय तर वर हाय कुणाचा?"

बिरुदेव हसला आणि डॉलर की काय ते सांगू लागला. धुळाप्पाला ते पटलं नाही. बाप प्रश्न विचारतो आणि पोरगं हसतं, म्हणजे उत्तर टाळायचंय. शिवाय व्हिडिओ कॉल लावला की बिरुदेव फोन तोंडाला चिकटवून धरायचा. दिसायचं ते कपाळ, एक कान आणि मागची भिंत. खोली दाखव म्हटलं की लाईट गेलेली असायची. लाईट गेलेली, तर कपाळ कसं दिसतंय? आता धुळाप्पाला त्या भिंतीपलीकडं एक बाई दिसू लागली. रात्री तिला एक पोरही झालं.

आणि तेवढ्यात संशयाला जवळचंच घर सापडलं. त्याची सून सुकन्या दुधनीची. माहेरी कानडी. आईचा फोन आला की ती गोठ्यामागं जाऊन हळू आवाजात कानडीत बोलायची. धुळाप्पाला कानडी बाजारापुरती यायची, म्हणजे आकडे तेवढे पक्के कळायचे. एका रविवारी दुपारी तो गोठ्याच्या अलीकडं मेंढराच्या खुरातला काटा काढत बसला होता, आणि पलीकडून सुकन्याचा आवाज आला. "हत्तु साविर" एकदा आलं. थोड्या वेळानं पुन्हा आलं. हत्तु साविर म्हणजे दहा हजार. धुळाप्पाच्या हातातून मेंढरू सुटलं.

ती अंगणात आली तेव्हा तो उभाच होता.

"दहा हजार कुणाला धाडलंस?"

"कुटलं दहा हजार, मामा?"

"माज्या पोराचा घाम दुधनीला चाललाय व्हय? मला कळत न्हाय वाटलं?" त्याचा आवाज शेजारच्या वस्तीपर्यंत गेला. "खातं तुज्या नावावर, फोन तुज्या हातात. देवाम्होरं भंडारा उचल आन सांग. न्हायतर कापडं भर आन जा म्हायेरी!"

केराबाई चुलीपुढून धावत आली. "आवो, काय बोलताय? अकरा वर्सं नांदतीया ती."

पण बोलणं बाहेर पडलं होतं. धनगराच्या घरात भंडारा उचल म्हणणं म्हणजे चेष्टा नव्हे. बिरोबापुढची हळद तळहातावर घेऊन खोटं बोललं तर वंश बुडतो, अशी भावना. कोर्टात गीतेवर हात ठेवून धडधडीत खोटी साक्ष देणारी माणसं भंडारा म्हटल्यावर मागं सरलेली आहेत.

सुकन्यानं वाद घातला नाही. हात धुतले, डोक्यावर पदर घेतला, देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी अंगणात आणली आणि मूठ भरून घेतली. "मी एक रुपया म्हायेरी धाडला आसंल तर ह्यो बिरोबा माजं डोळं काडील." मग ती म्हणाली, "दहा हजार म्हंजी तितला तूरडाळीचा भाव. दोन किलोची पिशवी तितल्या पैशानं दहा हजाराला झालीया, त्येच आईला सांगत हुते. आता त्येंनीबी भंडारा उचलायचा. वर्स झालं, मलाबी खोली दाखवत न्हाईत. तुमाला एकट्यालाच संशय येतोय व्हय?"

धुळाप्पा चपापला. आपला संशय दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्याला सवय नव्हती.

कॉल लागला. तिकडं सकाळ होती. बिरुदेवला अंगण दिसलं, भंडाऱ्याची वाटी दिसली, आई पदरानं डोळे पुसताना दिसली.

"बिरू," धुळाप्पा म्हणाला, "जाताना आईनं भंडाऱ्याची पुडी दिलती. ती हातात घे आन म्हन, तितं दुसरं बिऱ्हाड न्हाय."

बिरुदेवचा चेहरा उतरला.

"आन की."

"न्हाय ती, अप्पा."

"हरवली?"

"न्हाय."

"मग टाकून दिली?"

बिरुदेवनं मान खाली घातली. "बगितलंस?" धुळाप्पानं केराबाईकडं वळून म्हटलं, पण त्याला जिंकल्यासारखं वाटलं नाही. सुकन्या मटकन पायरीवर बसली.

"खाल्ली," बिरुदेव म्हणाला.

कुणाला काही कळेना.

"भाजीत घातली, अप्पा. आपल्याकडचं सामान शेरातल्या एकाच दुकानात मिळतंय, तितं जायाचं भाडंबी परवडंना. पाच म्हयनं मी गेलो न्हाय. हितली लोकं कंदाचं पीठ पाण्यात कालवून खात्यात, त्येच खातोय. पर ते घशाखाली उतरंना. एक दिस पुडीतनं चिमूटभर हळद घातली. घरच्यावानी वास आला. मग रोज पाया पडायचो आन चिमूटभर घालायचो." त्यानं फोन फिरवला. वर्षात पहिल्यांदाच खोली दिसली. एक खाट, एक स्टोव्ह, कोपऱ्यात पिठाचं पोतं, आणि दोरीवर कारखान्याच्या कपड्यांचा एकच जोड. बाई नव्हती. फोन लांब गेला तेव्हा बिरुदेवच्या गळ्याची हाडंही दिसली.

"मला डाळीचा भाव सांगितला," सुकन्या हळूच म्हणाली. "डाळ सोडलीया ते न्हाय सांगितलं."

केराबाईला वाटलं, देवाचा भंडारा रस्सा करून खाल्ला, आता हा माणूस आभाळ डोक्यावर घेणार. पण धुळाप्पा फोनकडं बघतच राहिला. जन्मभर त्यानं लोकांकडून खरं काढलं होतं, आणि आज निघालेलं खरं त्याला नको होतं. त्याला लाज वाटली. आपण बाई शोधत होतो आणि पोरगं उपाशी होतं.

"किती दिस पुरली पुडी?" त्यानं विचारलं.

"दोन म्हयनं."

"पुडल्या म्हयन्यात पैसं धाडू नगो. डाळ आन."

"अप्पा, पर बिरोबा..."

"त्येचं मी बगतो. तू खा."

फोन बंद झाला. मेंढरं वाड्यात ओरडत होती, कुणी उठलं नाही. मग सुकन्या उठली. तिनं भंडाऱ्याची वाटी धुळाप्पापुढं धरली.

"मामा, आता तुमी उचला. माज्यावर परत संशय घेनार न्हाय, असं म्हना."

सुनेनं सासऱ्याला असं म्हणायचं धाडस त्या घरात कुणी केलं नव्हतं. धुळाप्पानं हात पुढं केला, बोटं हळदीपर्यंत गेली आणि थांबली. त्याच्या लेखी जगात सगळे लबाड होते, पण तो स्वतः लबाड नव्हता, आणि स्वतःला तो ओळखून होता. उद्या ही गोठ्यामागं कानडी बोलेल आणि आपले कान टवकारतील. बिरोबापुढं खोटं कसं बोलायचं?

"त्ये न्हाय जमायचं, पोरी," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचा त्याला राग येत होता. "संशय येनारच. माज्या मड्यासंगच जाईल माजा सोभाव." त्यानं चिमूट उचलली. "पर ह्या घरातनं जा, असं ह्या तोंडातनं परत निगनार न्हाय. निगालं तर मीच भायेर पडीन."

सुकन्या त्याच्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिली. सासरा खरं बोलतोय का, ते तिनं नीट पारखून घेतलं. मग भंडारा लावून घ्यायला कपाळ पुढं केलं.