थंडीनं जिंकलेली लढाई

आमच्या सुरतेतल्या नवागामच्या घरात जेवणं झाली की भांडण जुंपायचं, ते दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत सैन्यावरून. एका बाजूला मी, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शहाणी झालेली. दुसऱ्या बाजूला बाबा, जन्मभर लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवून आता घरी बसलेले. तरुणपणी धुळ्याच्या रस्त्यावर स्वस्तात मिळणारी रशियन पुस्तकं त्यांनी मराठीतून वाचली होती. त्या सैन्याला कुणी नावं ठेवली की आपल्या भावकीलाच ठेवल्यासारखी त्यांना झोंबायची.

बाबांना ऐकू कमी यायचं. खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, त्या खडखडाटात कान कुणाचे शाबूत राहतात? तिथं माणसं एकमेकांचे ओठ वाचूनच बोलतात. त्यामुळे बाबांशी भांडायचं तर समोर बसून, तोंड त्यांच्याकडे करून भांडावं लागायचं.

मी म्हणायचे, दोघा सैनिकांत एक बंदूक होती. ते म्हणायचे, सुरुवातीला कुठंकुठं तशी ओढाताण झाली असेल, म्हणून काय सगळी लढाई तशीच लढले? मी म्हणायचे, नुसती माणसं पुढं ढकलली. मग ते रणगाडे, आखणी, आगगाडीनं पूर्वेला हलवलेले कारखाने आणि वर छप्पर पडायच्या आधीच सुरू झालेली यंत्रं, सगळं ऐकवायचे. ते सैन्य कधी मागं हटलं नाही, असं मात्र त्यांना ठाम वाटायचं. पहिल्या काही महिन्यांत लाखो सैनिक पकडले गेले, हे मी पुस्तक पुढ्यात धरून दाखवलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासाठी नाश्त्याला गरम लोचो, सुरतेचा तो वाफवलेला मऊ पदार्थ, घेऊन आले.

थंडीवर मात्र आमचं कधीच जमलं नाही. जर्मनांवर जिंकली ती थंडी, सोव्हिएत सैनिक आपले नावाला, असं मी ठासून सांगायचे. मग बाबांचा आवाज चढायचा, तोही अहिराणीतून. "थंडी काय तेस्लेच वाजे? यास्ले वाजे नई का?" वर पुन्हा, मोठमोठ्या लढाया तर भर उन्हाळ्यात झाल्या, हेही असायचंच. त्यांचं खरं होतं, मला कळतही होतं. पण त्यांना चिडवायला मला फार आवडायचं.

मग एकदा मला बघायला पाहुणे आले. मुलगा बँकेत, आई शाळेत शिक्षिका. चहा झाल्यावर त्या बाईंनी मला जवळ बसवून विचारलं, वडील काय करायचे? मला लाज वाटली. आता सांगतानाही जीभ अडखळते, पण वाटली. मी आवाज अगदी खाली आणला आणि म्हणाले, "काही विशेष नाही. लूम आपोआप चालते, ते नुसते उभे असायचे."

बाबा समोरच्या भिंतीशी बसले होते, माझ्याकडे बघत. लूमवाल्याची पोर असून, आवाज खाली आणला की बाबांना कळणार नाही असं समजणारी मी, काय म्हणावं मला?

पाहुणे गेले. जेवताना बाबा शांतपणे म्हणाले, "तुनंच खरं शे. थंडीच जिंकनी."

एवढंच बोलून हात धुवायला उठले. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा हार मानली होती. थंडी जिंकली, सैनिक नावाला; लूम चालली, ते नुसते उभे. त्यांचं उभं आयुष्य मी चार शब्दांत मातीमोल केलं होतं.

सकाळी मी त्या बाईंना फोन लावला. बाबांच्या पुढ्यात मांडी घालून बसले आणि एकेक शब्द सुटा करत बोलले. "काल मी खोटं बोलले. लूम आपोआप चालत नाही. धागा तुटला की माणसालाच जोडावा लागतो. माझ्या वडिलांनी तीस वर्षं एकट्यानं आठ लूम सांभाळल्या. त्यावर मी शिकले."

तिकडून काय उत्तर आलं, ते मला आजही सांगता येणार नाही. बाबा डोळ्याची पापणी न हलवता माझ्या तोंडाकडे बघत होते. मी फोन ठेवला. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "आठ नई, बारा."