पंपावरचं ओलं फडकं

माझा स्वभाव तापट आहे. चूक माझी नसेल तर मी कुणाचंच ऐकून घेत नाही, हे आमच्या अमरावतीच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांशी तर माझं दिवसातून एकदा तरी वाजतंच.

बाबांची अँबेसिडर त्यांनी वकिली सुरू केली तेव्हाची. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, लग्न होऊन याच गाडीतून अकोल्याला, मोर्णा नदीकाठच्या जुन्या शहरात, सासरी गेली. गेल्या उन्हाळ्यात तिनं अंथरूण धरलं आणि एका सकाळी तिचा फोन आला. "दादा, मले एक डाव तुया गाडीत बसव. मोर्णेच्या पुलावरून एक चक्कर मारून आण, मंग मी मोकळी."

बाबांना दुसरं काही सुचेना. गाडी मात्र बडनेऱ्याच्या पुढे जायला तयार नव्हती. कार्बोरेटर पार झिजला होता, पेट्रोल गळायचं. मी म्हटलं, टॅक्सी करू. बाबा म्हणाले, "तिले टॅक्सीतच बसायचं असतं तर तिच्या पोरानं नसतं बसवलं काय?" मी गाडीच्या मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्री म्हणाला, याचे पार्ट आता मिळत नाहीत, छोट्या गाडीचा कार्बोरेटर बसवून देतो, मधे एक पट्टी टाकली की बसतो. बाबा भडकले. "एवढं मोठं इंजिन अन् त्याले हे एवढंसं भांडं? काहून खेळ करून राहिली तू?"

"आत्याजवळ वेळ आहे काय बाबा, तुमचा जुना पार्ट सापडेपर्यंत?" मी म्हटलं. लागलं असणार त्यांना. ते आत जाऊन बसले.

नवा कार्बोरेटर जुन्यापेक्षा बराच खाली बसला. जुन्या एअर फिल्टरचा गोल डबा त्यावर बसेना, म्हणून मिस्त्रीनं तोंडावर नुसती जाळी बांधली आणि फिल्टर मागवतो म्हणाला. किल्ली फिरवली तर गाडी एका दमात सुरू झाली. बाबा फक्त एवढंच म्हणाले की आवाज बदलला. दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. गाडी मी चालवत होते, कारण काचबिंदूमुळे बाबांना आता नुसत्या सावल्या दिसतात.

आमच्या उन्हात या जुन्या गाड्यांचा पेट्रोल पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी अडते. त्यावर इलाज एकच, पंपावर ओलं फडकं. आमच्या घरी ते काम आईचं होतं. अकोल्याच्या वाटेत मूर्तिजापूरला गाडी थांबायची, बाबा बॉनेट उघडायचे आणि आई फडक्यावर तांब्यानं पाणी ओतायची. आई गेल्यापासून बाबा स्वतः ओततात. तांब्या आणि फडकं आजही सीटखाली असतं.

मूर्तिजापूरला मी चहा आणायला गेले. टपरीवरून वळून पाहिलं तर बॉनेट उघडं आणि बाबा तांब्या रिकामा करत होते. मी धावले. पंप त्यांनी हातानं चाचपून शोधला होता. हाताला लागला तो खाली, पंपाजवळ बसलेला नवा कार्बोरेटर. फडकं बरोबर जाळीवर पसरलं होतं आणि पाणी सगळं आत गेलं होतं.

गाडी सुरू होईना. मिस्त्रीला फोन लावला. तो सांगत गेला तसं मी जाळी काढली, आतलं पाणी टिपलं, प्लग काढून पुसले, उन्हात ठेवले. बाबांच्या हाताला लागायच्या आत ते फडकं पिळून डिकीत कोंबलं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. नवा कार्बोरेटर आहे ना, त्रास देऊन राहिला."

"म्हटलं होतं मी," बाबा म्हणाले. मी म्हटलं, दुसरी गाडी बोलावते, तुम्ही पुढे व्हा. ते हलेनात. गाडीशिवाय तिच्यापुढे कोणत्या तोंडानं जाऊ, म्हणाले.

प्लग वाळले, दोन तासांनी गाडी सुरू झाली. अकोल्याच्या अलीकडे, बोरगावच्या जवळ माझा फोन वाजला. आत्याचा मुलगा होता. मला पुढचं काही ऐकायची गरजच पडली नाही, त्याच्या रडण्यावरूनच कळलं. बाबांनीही ते ऐकलं. अकोला येईपर्यंत ते खिडकीवर हात ठेवून बसले होते.

आत्याच्या घरी माणसं जमली होती. आत्याला नवी साडी नेसवून ठेवलं होतं. तिची सून म्हणाली, सकाळपासून हीच नेसवा म्हणत होत्या, गाडीत बसायचं म्हणून. बाबा आत्याच्या पायाशी बसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हिनं कार्बोरेटर बदलला. जुना असता तर मी येऊन पोचलो असतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो बाबा," मी म्हटलं. "माझंच चुकलं."

आत्याचे दिवस झाल्यावर बाबांनी जुना कार्बोरेटर परत बसवून घेतला. गाडी आता फाटकाबाहेरही जात नाही. तरी ऊन चढलं की बाबा बॉनेट उघडतात आणि पंपावर फडकं पसरतात. पाण्याचा तांब्या मी भरून देते.