निळ्या गल्लीतला डेव्ही

निघालो त्या दिवशी बाबा दारात आलेच नाहीत. अंगणात गाडी उभी होती, मावश्या-काकवा जमल्या होत्या, आणि मी बॅगेतून बाहेर काढलेली सुक्या जवळ्याची पिशवी आई पुन्हा आत कोंबत होती. करंजा गावच्या मावशीने खास वाळवून पाठवलेला जवळा, तो मागे राहून कसं चालेल? बाबा घरामागे पंपाच्या खोलीपाशी बसले होते. मी जाऊन पाया पडलो.

"येस्टीची परमनंट नोकरी सोरून कोन जातं रं?" हे वाक्य महिनाभर घरात फिरत होतं. त्या दिवशी त्यांनी फक्त विचारलं, "तिकरं जाऊन काय करशील?"

"बसच चालवणार, बाबा."

"मंग इकरची बस काय वाईट व्हती?"

स्मिता, माझी बायको, नर्स म्हणून आधीच ग्लासगोला गेली होती. तिला नोकरी मिळाली, घर मिळालं, आणि मी पनवेल डेपोत ड्युटी लावून घेत तिच्या फोनची वाट पाहत बसलो होतो. शेवटी एकाने तरी सोडायचं होतं, ते मी सोडलं. गाडी पळस्प्याला आली तेव्हा समोरून गोव्याच्या बाजूला वळणारी एस.टी. दिसली. मी सवयीने हात वर केला. ड्रायव्हरने पाहिलं नाही.

आता मी फोन केला की गावात सगळे एकच विचारतात. तिकडे तर सगळे गोरे, सगळे येशूला मानणारे, मग तिकडे कसली भांडणं? पूर्वी मी हसून विषय बदलायचो. हे लिहितोय ते त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला. आणि माझ्यासारखे जे कुणी बाहेर पडले, त्यांनाही कदाचित डेव्ही ओळखीचा वाटेल.

ग्लासगोच्या डेपोत लागलो त्या आठवड्यात कँटीनमध्ये मला विचारलं गेलं, तू कुठल्या शाळेत शिकलास? मला वाटलं शिक्षण विचारतायत. म्हटलं, "झेडपीच्या." समोर बसलेला जाडजूड माणूस गंभीरपणे म्हणाला, "झेडपी हा कुठला संत?" त्याच्या शेजारचा उंच, लाल केसांचा माणूस चहा नाकातून येईपर्यंत हसला. जाडा तो फ्रँक आणि उंच तो डेव्ही. नंतर कळलं की इथे शाळा विचारतात ती धर्म काढायला. शाळेला संताचं नाव असेल तर माणूस कॅथलिक, नसेल तर प्रोटेस्टंट. एकदा ते कळलं की तुमचा फुटबॉल क्लब कुठला, तुमच्या बाजूचे पब कुठले, तुम्ही कुठल्या रस्त्याने चालत घरी जाऊ नये, सगळं आपोआप ठरतं. फ्रँक कॅथलिक, म्हणजे हिरव्या क्लबचा. डेव्ही प्रोटेस्टंट, म्हणजे निळ्याचा. दोघं एकाच डेपोत पोरवयापासून होते.

मला हे फार नवीन वाटलं असं म्हणणं खोटं होईल. पनवेलला आम्ही वाढलो तेव्हा कुठल्या नाक्यावर कुठल्या रंगाचा झेंडा आहे हे आम्हालाही न सांगता कळायचं. पावसाळ्यात चिखलाच्या मैदानावर आमच्या गावची पोरं आणि मोहल्ल्यातली पोरं फुटबॉल खेळायची. मी गोलकीपर. एका वर्षी मॅचनंतर दगडफेक झाली आणि त्या पोरांचं मैदानावर येणंच बंद झालं. त्यांचा सलीम डावीकडून बॉल असा आत टाकायचा की मी नुसता बघत राहायचो. आज तो कुठे आहे, मला माहीत नाही.

पण ग्लासगोत मी कुणाचाच नव्हतो, आणि त्याचा मला फायदा झाला. डेपोची एक टीम होती, रविवारी सकाळी इतर डेपोंच्या टीमशी खेळायची. टीममध्ये दोन्ही बाजूंची माणसं, त्यामुळे कॅप्टन कोण यावर दरवर्षी रुसवेफुगवे. मी गोलमध्ये उभा राहायला लागलो आणि मलाच कॅप्टन करून टाकलं. झेडपीवाल्याला कोण नाव ठेवणार! फ्रँक आणि डेव्ही माझ्यापुढे बचावात खेळायचे. दोघंही धावण्यात ढिले, पण एकमेकांना न बघता त्यांना कळायचं दुसरा कुठे आहे. मॅचनंतर कधीकधी दोघं आमच्या घरी यायचे. स्मिताने केलेलं कोलंबीचं कालवण फ्रँक घाम पुसत खायचा. डेव्ही फक्त भात आणि बटाट्याची भाजी खायचा, आणि वास सहन होत नाही म्हणून खिडकीपाशी बसायचा.

मोठ्या सामन्याचा दिवस मात्र वेगळा असायचा. हिरवे विरुद्ध निळे. त्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. आमच्या बसेसचे मार्ग बदलायचे, स्मिताच्या वॉर्डात जादा माणसं लावायचे. निळ्या वस्त्यांमधून ढोल-बासरीच्या मिरवणुका निघायच्या, आणि त्या गाण्यांमध्ये शेकडो वर्षांपूर्वीच्या लढाया असायच्या. गाणारी पोरं मात्र अठरा-वीसची. गल्लीगल्लीत त्यांच्या टोळ्या होत्या. भिंतीवर नाव लिहायचं, कोपरा आपला म्हणायचा, दुसऱ्या रंगाचा कुणी दिसला की धरायचा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. डेव्हीचा भाचा रॉस अशाच एका टोळीत होता. हे सगळ्यांना माहीत होतं. डेव्ही म्हणायचा, "वय आहे. लग्न झालं की सुटेल."

त्या वर्षी सामना हिरव्यांनी जिंकला. दुपारीच संपला होता, चांगला उजेड होता. फ्रँकला सुट्टी होती, तो सामना बघून घरी चालला होता. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली होती, पण मफलरचं हिरवं टोक बाहेर राहिलं. बंद दुकानांच्या रांगेपाशी पाच-सहा जणांनी त्याला गाठलं. जबडा फोडला, आणि तो खाली पडल्यावर उजव्या गुडघ्यावर उड्या मारल्या. दोन्ही बाजूंना चार मजली घरं, खिडक्यांमागे दिवाणखाने. पोलीस दारोदार फिरले. कुणीच काही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डेव्ही माझ्या घरी आला. बसला नाही. जॅकेटही काढलं नाही.

"रॉस काल माझ्याकडे आला होता," तो म्हणाला. "बुटांना रक्त होतं. म्हणाला, मामा, एका हिरव्याला धरला. तो कोण होता हे त्याला माहीत नव्हतं. मी त्याला जेवायला वाढलं, कॅप्टन. मग डेपोतून फोन आला."

स्मिता रात्रभर फ्रँकच्या वॉर्डात होती, नुकतीच परतली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिली.

"काय करणार आहेस?" मी विचारलं.

"माझी बहीण मला कधी क्षमा करणार नाही. त्या गल्लीत मी जन्मलो." मग म्हणाला, "तू माझ्याबरोबर येशील? आत नको येऊस. बाहेर बस फक्त."

मी गेलो. पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून राहिलो. तो बाहेर आला तेव्हा त्याने मला फक्त सिगारेट मागितली. मी ओढत नाही हे तो विसरला होता.

रॉस पकडला गेला, त्याच्यामागून आणखी तिघे. कोर्टात डेव्हीने साक्ष दिली. भाच्याला शिक्षा झाली. बहिणीने कोर्टाच्या पायरीवर सगळ्यांसमोर सांगितलं की तिला भाऊ नाही. इथे पोलिसांना खबर देणाऱ्याला 'ग्रास' म्हणतात. तो शब्द डेव्हीच्या दारावर पांढऱ्या रंगाने लिहिला गेला. त्याने पुसला, पुन्हा लिहिला गेला. खिडकीची काच फुटली. ज्या पबमध्ये त्याच्या वडिलांचा फोटो भिंतीवर होता, तिथे त्याने मागवलेली बिअर कुणी त्याच्यापुढे ठेवेना. डेपोतली निळ्या बाजूची माणसं तो आला की उठून दुसऱ्या टेबलावर जायची. टीम त्या हिवाळ्यात आपोआप संपली, कुणी तसं जाहीरही केलं नाही. जाळी अजून गोडाऊनमध्ये पडलेली असेल.

मला वाटलं होतं फ्रँक तरी त्याला जवळ करेल. खटल्याच्या आधीच, डेव्हीच्या दारावर तो शब्द आला त्या आठवड्यात, मी हॉस्पिटलमध्ये गेलो होतो. जबड्याला तारा बांधल्या होत्या, त्यामुळे तो दात न उघडता बोलत होता. मी सांगितलं डेव्हीने काय केलं ते.

"ते पोर लहान होतं तेव्हा डेव्ही त्याला खांद्यावर बसवून सामन्याला न्यायचा," तो म्हणाला. "ती गाणी त्याला कोणी शिकवली? आमच्या रक्तात गुडघाभर चालण्याची गाणी? मी समोर बसून ऐकलीत. हसलोय."

"त्याने त्याचं सगळं घालवलं, फ्रँक."

"माहीत आहे. म्हणूनच त्याचं तोंड बघवणार नाही मला."

डेव्हीला मी हे सांगितलं नाही. पण त्याने विचारलंही नाही, म्हणजे त्याला कळलं असावं.

वसंतात तो शहर सोडून गेला. इंग्लंडच्या दक्षिणेला समुद्राकाठच्या एका गावात त्याला बस कंपनीत जागा मिळाली होती. मीच त्याला स्टँडवर सोडलं. एवढ्या वयाच्या माणसाचं सामान दोन बॅगांत मावलं होतं. फ्रँकला मी वेळ कळवली होती. तो येईल असं मी धरून चाललो होतो, म्हणून उगाच गप्पा वाढवत राहिलो, पनवेलच्या स्टँडवर लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा कशी धरतात ते सांगत बसलो. डेव्ही ऐकत होता, पण त्याची नजर फाटकाकडे होती. लांब पल्ल्याची कोच लागली. तो चढला, खाली उतरला, माझा हात धरला आणि म्हणाला, "तू निघालास तेव्हा कोण आलं होतं सोडायला?"

"अख्खं गाव," मी म्हटलं. बाबांचं काही बोललो नाही.

"छान," तो म्हणाला, आणि पुन्हा चढला.

कोच गेली तरी मी तिथेच उभा होतो. एस.टी.त असताना किती लोकांना मी असं घेऊन गेलो असेन! बायका दाराशी रडायच्या, आणि मला घाई असायची, टाइमकीपर ओरडायचा. मी हॉर्न वाजवायचो. ती माणसं कुठून तुटून चालली आहेत हे ड्रायव्हरच्या सीटवरून कधी दिसलंच नाही.

फ्रँक पुन्हा बसवर चढला नाही. त्याला ऑफिसात बसवलं, ड्युटी लावायच्या कामावर. गुडघा वाकत नाही, त्यामुळे पाय टेबलाबाहेर काढून बसतो. डेव्ही गेल्यावर दोन हिवाळे गेले आणि एकदा ड्युटी घ्यायला गेलो तर मान वर न करता म्हणाला, "तो बरा आहे का?" कोण, ते मी विचारलं नाही. म्हटलं, बरा आहे. मग त्याने विचारलं, "त्याचा नंबर देतोस?"

मला इतका आनंद झाला की ब्रेकमध्येच डेव्हीला फोन लावला. पलीकडून समुद्रपक्ष्यांचा आवाज येत होता. मी सांगितलं.

"त्याला सांग मी बरा आहे," तो म्हणाला. "पण नंबर देऊ नकोस."

"अरे, तो स्वतःहून विचारतोय."

"त्याच्या बोलण्यात आमची गल्ली आहे, कॅप्टन. तेच चढउतार, तेच शब्द. इथे कुणी तसं बोलत नाही, म्हणून मला जमतंय. तो नुसता हॅलो म्हणाला तरी मी पहिल्या बसने परत येईन. आणि तिथे माझं काय आहे?"

फ्रँकला मी निम्माच निरोप दिला. तो "बरं" म्हणाला आणि ड्युटीचा कागद माझ्याकडे सरकवला.

गेल्या महिन्यात हे सगळं बाबांना सांगितलं. व्हिडिओ कॉलवर बाबा कधी नीट दिसत नाहीत, त्यांचं कपाळ आणि मागचा पंखा एवढंच दिसतं. आमचं शेत आता गोडाऊनवाल्यांकडे गेलंय, मागून दिवसभर ट्रकचे हॉर्न ऐकू येतात. पनवेलला जातो तेव्हा मी रस्ते चुकतो, नव्या टॉवरमधून येणारी माणसं मला पाहुणा समजून हिंदीत बोलतात. त्यामुळे घर कुठलं, असं कुणी विचारलं की अलीकडे मी अडखळतो. इथे ग्लासगोत मी कुणाच्याच बाजूचा नव्हतो, तोवर हे शहर मला सोपं होतं. डेव्हीला सोडून आलो त्या दिवसापासून तसं राहिलं नाही. त्या बंद दुकानांवरून बस नेताना आता मला लाज वाटते. परक्या गावाची लाज कशी वाटेल?

बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. शिक्षा झालेल्या पोराचं विचारलं, त्याच्या आईचं विचारलं. मग म्हणाले, "त्या डेव्हीचं कोनी नाय का आता?"

"नाही, बाबा."

"मंग त्याला इकरं घेऊन ये. तुझी खोली रिकामीच हाय."

मी हसलो. तो थंड देशातला माणूस, आपल्या उन्हात कसा टिकेल, त्याला कोलंबीचा वाससुद्धा सहन होत नाही, असं काहीतरी बोललो. बाबा हसले नाहीत. त्यांनी फोन आईकडे दिला, आणि माझी खोली बघायला उठून गेले.