लोण्यासारखी बाभूळ

माझ्या हातात ताकद आहे, असा समज मी आयुष्यात एकदाच करून घेतला आणि तो जेमतेम एक सकाळ टिकला.

लेक बाळंतपणाला आमच्याकडे सेलूला आली ती नेमकी कडाक्याच्या थंडीत. नात झाली. दवाखान्यातून दोघींना संध्याकाळी घरी सोडणार होते. बायकोनं मागच्या खोलीत बाज टाकली, शेगडी घासून ठेवली आणि मला फर्मावलं, "निखारे लागतेत. बाभळीचेच पायजेत. धूर बाळाला सोसायचा न्हाई."

हीटर होता, पण वीज तिच्या मर्जीनं येई. वखारीत लाकूडही मिळत होतं. पण वालूरला शेती करणाऱ्या माझ्या चुलत भावाच्या बांधावर पावसाळ्यात उन्मळलेली बाभूळ वाळून पडली होती. फुकटची बाभूळ सोडून वखारीत जाणारा माणूस आमच्या खानदानात अजून जन्मला नाही.

भाऊ हरभऱ्याला पाणी द्यायला निघाला होता. कुऱ्हाड देताना म्हणाला, "दादा, बाभूळ लय चिवट हाय. तुमी च्या पिऊन बसा, मी येऊन तोडून देतो."

जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला हे लागतं. "तू तुझं पाणी बघ," मी म्हणालो.

बांधावर दोन खोडं आडवी होती. एक काळं, भेगाळलेलं, सगळ्या अंगाला काटे. दुसरं विहिरीजवळ, गोरंगोमटं, गुळगुळीत. वाळल्यावर बाभळीचे काटे गळत असावेत, असा शोध मी तिथल्या तिथं लावला आणि गोऱ्या खोडावर घाव घातला. कुऱ्हाड लोण्यात शिरावी तशी शिरली. मीच दचकलो. मग मात्र अंगात आलं. तासाभरात ढीग पडला. मधे एकदा आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी स्वतःचा दंडही चाचपला.

दोन मोळ्या स्कूटरला बांधून दुपारच्या आत घरी हजर. बायकोनं एक तुकडा उचलला, नखानं टोकरला.

"काय आणलंय हे?"

"बाभूळ."

"काटे कुठं गेले तिचे?"

"साफ करून आणलीय."

"अहो, शेवगा हाय हा! जन्मभर शेंगा चोखल्या की ह्याच्या तुमी!"

शेंगा लटकत नसल्या तर मी शेवगा ओळखायचा कसा? तरी हट्टानं मी अंगणात शेगडी पेटवून पाहिली. ते ओलं, भुसभुशीत लाकूड पेट काही घेईना. धूर मात्र गल्लीभर झाला. शेजारीण भिंतीवरून डोकावली, "काकू, डास मारायलाव का?"

"न्हाई गं. काका बाभूळ जाळायलेत."

लेक यायला चार तास उरले होते. पुन्हा वालूर. भाऊ मला बघून हसत हसत बांधावरच बसला. "लाइटीच्या तारंला लागत होता म्हणून पाडला तो, दादा. पाला शेळ्यांनी खाल्ला, लाकूड कुणी नेईना. लांबून बघून मला वाटलं, तुमी कुंपणाला न्यायलाव!"

खऱ्या बाभळीवर मी दहा घाव घातले. काडेपेटीत मावेल एवढी ढलपी निघाली. मग भावानं कुऱ्हाड घेतली आणि फांद्या ओढायचं काम मला दिलं. म्हणजे लाकूड त्याच्या वाट्याला आणि काटे माझ्या.

संध्याकाळी बायकोनं अंगणातच निखारे चांगले फुलू दिले. धुराची शेवटची रेघ गेल्यावर शेगडी आत नेली, दार जरासं उघडं ठेवलं. खोली ऊबदार झाली. नातीच्या आवळलेल्या मुठी हळूहळू सैल झाल्या आणि ती झोपली. मी शेजारी बसून बायकोकडून तळहातातले काटे काढून घेत होतो.

"हलू नका," ती सुई रोवत म्हणाली. "बाळ रडंना, तुमी काय रडायलाव?"

शेवग्याच्या मोळ्या मोरीजवळ पडून राहिल्या. तिथल्या ओलीनं थंडी सरता सरता त्यांना पालवी फुटली. एवढं जिवंत सरपण आणणारा गल्लीत मी पहिलाच. बायकोनं तो कोवळा पाला खुडला, लसूण घालून परतला आणि लेकीच्या ताटात वाढला.

"खा गं," ती म्हणाली. "दूध येतं ह्यानं. तुझ्या बाबांनी तोडलेली बाभूळ हाय."