लेकीचं औक्षण आणि माझं लिनक्स

फुकटच्या लिनक्सची खरी किंमत आज कळली मंडळी. लेकीचं औक्षण.

लेक आयर्लंडला असते. आज तिचा वाढदिवस. व्हीआर चष्मा घालून माणसं जिथे भेटतात, त्या गेममध्ये तिने आमच्या मानपाड्याच्या घरासारखाच हॉल मांडलेला, पाट-तबकासकट. ती कामावर जायच्या आधी आई तिथे तिला ओवाळणार होती.

गेम विंडोजवर चालतो, आमच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी असलेल्या लिनक्ससाठी बनवलेलाच नाही. माझं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान आहे, म्हणून जुगाड करून चालवायचो. आज नेमका अपडेट आला आणि जुगाड मेला.

फोनवर लेक, "बाबा, मी कधीची पाटावर बसलेय. आई कुठेय?"

ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "अहो, तुमची तत्त्वं दुकानात ठेवा. घरी चारचौघांचं असतं ते टाका."

गेमच्या कंपनीला कितीदा लिहिलं. उत्तर ठरलेलं, लिनक्सवाले फार थोडे. अरे, थोड्यांना मुली नसतात का?

मागे याच ग्रुपवर मी छाती फुगवून लिहिलेलं, आपल्या घरात विंडोज शिरणार नाही. आठवत असेल तुम्हाला.

दुपारी मीच विंडोज टाकलं. तोवर लेक कामावर निघून गेलेली.